वेदना मोजणार कोण?

दहावीतली एक मुलगी. सिकलसेल, एसएस. हातापायांत कळा सुरू झाल्या की आई तिला घेऊन आमच्या वॉर्डात यायची. सलाईन, वेदनाशामक, चार दिवस खाट आणि मग सुट्टी. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. रजिस्टरात दर वेळी नोंद व्हायची, 'प्रकृतीत सुधारणा, घरी सोडले'. आईचा मात्र एकच प्रश्न असायचा, "सिस्टर, इले परीक्षेले बसता येईन ना?" या प्रश्नासाठी रजिस्टरात रकाना नव्हता.

सिकलसेल आपल्याला नवा नाही. विदर्भात आदिवासी समाजाइतकाच तो आपल्या वस्त्यांमध्येही आहे. म्हणून रुग्णालयाचे काम कशावरून जोखायचे, हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

आजवर रुग्णालयाचे यश आकड्यांत सांगितले गेले. किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती पॅकेज मंजूर झाली. या हिशोबात ती मुलगी वर्षातून सहा वेळा आली तर काम सहापट झाले! 2006 साली मायकल पोर्टर आणि एलिझाबेथ टाइसबर्ग या अमेरिकी अभ्यासकांनी हा हिशोब उलटा मांडला. खर्च झालेल्या पैशात रुग्णाला हवा तो परिणाम किती मिळाला, ते मोजा, असे त्यांचे म्हणणे. यालाच मूल्याधारित आरोग्यसेवा म्हणतात. त्या मुलीसाठी मूल्य म्हणजे वेदनेविना गेलेले दिवस, शाळेतली हजेरी आणि परीक्षेचा पेपर.

आपल्या देशातही ही भाषा आली आहे. जानेवारी 2023 मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने आयुष्मान भारत योजनेतील रुग्णालये पाच कसोट्यांवर जोखण्याचे जाहीर केले: रुग्णाचे समाधान, पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण, रुग्णाच्या खिशातून गेलेला पैसा, खऱ्या ठरलेल्या तक्रारी आणि रुग्णाच्या जीवनमानात झालेली सुधारणा. कसोट्या चांगल्या आहेत, त्यांचे आम्ही स्वागत करतो. पण वॉर्डात त्या अमलात कोण आणणार? इथे 'क्लिनिकल नेतृत्व' हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मोठे डॉक्टर' एवढाच घेतला जातो.

आम्ही परिचारिका आठ-आठ तास खाटेजवळ असतो. कोणाची कळ रात्री दोन वाजता वाढते, कोण औषधासाठी पैसे उसने घेतो, कोण गोळ्या अर्ध्यावर सोडतो, हे आम्हाला ठाऊक असते. नोकरीत असताना आम्ही काही जणींनी एक साधी वही ठेवली. परत आलेल्या सिकलसेल रुग्णाला आम्ही विचारायचो, हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का? अनेकांचे बंद असायचे. कुठे औषध संपलेले, कुठे गाडीभाड्याला पैसे नाहीत, कुठे 'या गोळीने नुकसान होते' ही ऐकीव भीती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून घेतलेले हे औषध कळांचे झटके कमी करते. म्हणजे पुन्हा दाखल होण्याचे एक मोठे कारण आमच्या वहीत होते. वही वरिष्ठांना दाखवली तेव्हा उत्तर मिळाले, "सिस्टर, तुम्ही इंजेक्शनं वेळेवर द्या."

औषध आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी, त्यात आमचा वाद नाही. पण परिणाम मोजायचा असेल तर तो रोज पाहणाऱ्याला बैठकीत खुर्ची हवी. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मरतात, हे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी आकडे मांडून दाखवले होते. मोजणे हे परिचारिकेचे जुने काम आहे.

एक धोकाही सांगितला पाहिजे. पुन्हा दाखल होणाऱ्या रुग्णांमुळे गुण कमी होणार असतील, तर काही रुग्णालये अशा रुग्णांनाच टाळतील. 'खाट नाही' म्हणतील. 'हा इंजेक्शनसाठी नाटक करतो' हे तर सिकलसेलचे रुग्ण आजही ऐकतात. म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. परिणामांचा आढावा घेणाऱ्या प्रत्येक समितीत वॉर्डातली परिचारिका आणि एक रुग्ण असावा. सिकलसेलसारख्या दीर्घ आजारांचे मोजमाप वेगळे व्हावे. सुट्टीनंतर रुग्णाची चौकशी करणे हे नेमून दिलेले काम असावे आणि त्यासाठी माणूसबळ द्यावे.

आपल्यालाही काही करता येईल. घरी सिकलसेलचा रुग्ण असेल तर एक वही ठेवा. कळांचे दिवस, बुडालेली शाळा किंवा मजुरी, चुकलेल्या गोळ्या आणि खिशातून गेलेला पैसा लिहा. तपासणीला जाताना वही सोबत न्या. सुट्टीच्या वेळी विचारा: कोणते औषध किती दिवस, पुढची रक्ततपासणी कधी, त्रास वाढला तर कुठे यायचे? लहान मुलाला ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. योजनेत पैसे मागितले तर आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार द्या. मोजली जाते ती नोंदलेली आणि खरी ठरलेली तक्रार. ओट्यावर बसून केलेली कुरकुर कोणत्याही कसोटीत धरली जात नाही. महिन्यातून एकदा विहारात या वह्या एकत्र वाचल्या तर एका घराचे दुखणे वस्तीचा पुरावा होईल.

त्या मुलीने परीक्षा दिली. दोन पेपर मात्र बुडाले. आमच्या लेखी तो उपचाराचा निकाल होता, पण रुग्णालयाच्या कागदात तो कुठेच नाही. तो तिथे लिहिला जावा, एवढ्यासाठीच आम्ही भांडतो आहोत.