पत्र्याच्या आत काम करणाऱ्यांचे काय?

वर्षावास संपला, पाऊस थांबला आणि पावसाने अडवलेली बांधकामे पुन्हा जोरात सुरू झाली. सकाळी नाक्यावर कामासाठी उभे राहणाऱ्यांत आपले कितीतरी बंधू-भगिनी असतात. कोणी गवंडी, कोणी लादी बसवणारा, कोणी ब्रेकर चालवणारा. आपल्या बाया बहुधा बिगारी. म्हणून या वेळी आम्ही बांधकामावरच्या धुळीविषयी लिहीत आहोत.

सरकारने याबाबत काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने हवा बिघडलेल्या शहरांसाठी नियम काढले. उघड्यावर दगड-लादी कापायची नाही, रेती-माती झाकून ठेवायची, पाणी मारायचे. पुढे मुंबईची हवा फारच बिघडली तेव्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेनेही नियम केले. एक एकराहून मोठ्या जागेभोवती ३५ फूट आणि लहान जागेभोवती २५ फूट उंच पत्रा, इमारतीला कापड, कामगारांना मास्क आणि चष्मा. पत्रा लागलेला रस्त्यावरून दिसतो, म्हणून तो लागतो. मास्क रस्त्यावरून दिसत नाही. पत्र्याने धूळ बाहेरच्यांकडे जायची थांबते खरी, पण ती आत राहते. आत कोण असते ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

रेती, ग्रॅनाइट, वीट, काँक्रीट यांत सिलिका नावाचे खनिज असते. कटर फिरला की त्याची डोळ्यांना न दिसणारी भुकटी होते. ती नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन तेथे व्रण करते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. बहुधा दहा-पंधरा वर्षे काही कळत नाही. मग एक दिवस जिना चढताना धाप लागते. हा आजार औषधाने बरा होत नाही आणि काम सोडले तरी वाढू शकतो. अशा फुप्फुसाला क्षयही लवकर गाठतो. घरचे म्हणतात, बिडी सोडा. बिडी सोडावीच, पण डॉक्टरांना आपले कामही सांगावे. नुसते ‘मजुरी करतो’ म्हणून भागत नाही. ‘बारा वर्षे लादी कापतो’ असे सांगावे. छातीचा एक्स-रे काढला असेल तर तो जपून ठेवावा.

धूळ उडाल्यावर तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही, ती जिथे जन्मते तिथेच थांबवली पाहिजे. पाण्याची नळी जोडलेला कटर मिळतो. पात्यावर सतत बारीक धार पडली की धुळीचा चिखल होऊन ती खाली बसते. मुकादम म्हणतो, चिखल होतो. होऊ द्या, चिखल फावड्याने उचलता येतो. मात्र साध्या ग्रायंडरवर बाटलीने पाणी ओतण्याचा उद्योग कोणी करू नये, विजेच्या धक्क्याने माणूस जागीच जातो. पाण्यासाठी बनवलेली मशीन आणि धड वायर ठेकेदाराकडे मागावी, आणि एकट्याने न मागता दहा जणांनी मिळून मागावी.

आणि झाडण्याचे काय? दिवसभर बसलेली धूळ संध्याकाळी कोरड्या झाडूने पुन्हा उठवली जाते आणि ते काम हमखास बिगारी बाईकडे येते. मिस्त्री तोवर हातपाय धुऊन चहाला गेलेला असतो. रोजी तिची कमी, धूळ तिला जास्त! आधी सडा, मग झाडू, हे घरचे अंगण झाडणाऱ्या बाईला शिकवावे लागत नाही. तिला पाण्याची बादली मिळत नाही एवढेच. मिस्त्र्यांत आपलेही भाऊ आहेत. त्यांनी ती बादली आणून द्यावी.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर ही बारीक धूळ अडवत नाही. कोरोनाच्या साथीत ओळखीचा झालेला एन-९५ मास्क अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच; दाढीवर तो बसत नाही. कामाचे कपडे घरात झटकू नयेत. वेगळे ठेवून भिजवून धुवावेत. वस्तीत पाणी मोजके येते हे आम्ही जाणतो, तरीही लेकराला उचलून घेण्याआधी अंघोळ करावी.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. वर ऑफिसात बसून अहवाल मागवता आला असता. आज धुळीची तपासणी करणारे अधिकारी पत्रा मोजतात. त्यांनी आत येऊन कटरजवळ पाच मिनिटे उभे राहावे, एवढीच आमची मागणी आहे.

राज्यात बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ आहे. त्याचा पैसा बांधकामाच्या खर्चावरील उपकरातून येतो. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. वय १८ ते ६० आणि मागील वर्षभरात ९० दिवस काम, ही नोंदणीची अट. मदत तर मिळतेच, शिवाय आपण बांधकामावर राबलो याचा कागदही हाती राहतो. उद्या छातीचे दुखणे निघाले तर तो लागेल. रविवारी वंदनेनंतर शिकलेल्या मुलामुलींनी विहारात तासभर बसून हे अर्ज भरून द्यावेत. येणाऱ्यांनी आधारकार्ड, फोटो, बँकेचे पासबुक आणि ९० दिवसांच्या कामाचा दाखला सोबत आणावा.