शाळा, वाचनालय आणि नवा ग्रंथसंग्रह

वडगाव निंबाळकरसारख्या गावातील मुलास एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही. भाटघरचे धरण काठोकाठ भरले, नीरेचा डावा कालवा वाहू लागला, तरी शेतापर्यंत चारी आलेली नसेल आणि पाळी ठरलेली नसेल तर उभा ऊस वाळतो. विद्येच्या बाबतीत हल्ली हीच अवस्था पाहून आम्हांस खेद होतो.

साठा थोडाथोडका नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईस ज्याचा पाया घातला, तो मराठी विश्वकोश वीस खंडांचा आहे, आणि तो आज संगणकावर कोणासही विनामूल्य वाचता येतो. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके तशीच मिळतात. खरगपूरच्या तंत्रशिक्षणसंस्थेने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय 2018 साली देशास अर्पण झाले. त्यातील पुष्कळसे वाङ्मय इंग्रजी असल्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांनी आरंभ वाईपासूनच करावा, हे बरे.

परंतु ही दारे उघडी आहेत, हे मुलांस सांगावे कोणी? घरी बहुधा एकच मोबाईल. तो सकाळी वडिलांबरोबर शेतावर जातो व रात्री घरी येतो तेव्हा थोरल्या भावाच्या हाती पडतो. मुलीची पाळी येईपर्यंत निजावयाची वेळ होते.

आमच्या मते ही चारी खोदण्याचे काम सार्वजनिक वाचनालय आणि शाळा या दोघांनी मिळून करावयाचे आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्यान्वये मान्यता व अनुदान घेणारी वाचनालये आपल्या राज्यात गावोगाव आहेत. तेथील संगणक केवळ जमाखर्चासाठी राहू नये. आठवीपासून पुढील प्रत्येक वर्गास आठवड्यातून एक तास वाचनालयात न्यावे. शिक्षकांनी आदल्या दिवशी प्रश्न द्यावा. आपला कालवा केव्हा झाला व कशासाठी, हाच पहिला प्रश्न का असू नये? मुलांनी विश्वकोशातील नोंद शोधावी, वाचावी, मग यंत्र बंद करून स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहावे व खाली नोंदीचे नाव द्यावे. ज्यांच्या घरी काहीच साधन नाही त्यांची पाळी आधी लावावी. पाणी शेवटच्या टोकाकडून सोडावे असे शेतकरी म्हणतात, ते येथेही न्याय्य आहे.

ही कल्पना अगदीच नवी नव्हे. आपल्याच नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले आणि पुढे त्या संस्थानात पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. वाचक ग्रंथापर्यंत येत नसेल तर ग्रंथाने वाचकाकडे जावे, हे त्या राजास कळले होते. आज पेटी वाहून नेण्याचेही श्रम उरलेले नाहीत!

कोणी म्हणेल, मुलांच्या हाती पडदा दिला की ती खेळ व चित्रे पाहत बसतील. भीती खोटी नाही; आम्हीही ती अनुभवली आहे. म्हणूनच तर हा तास घराच्या कोपऱ्यात नको, चार माणसांत व ग्रंथपालांच्या नजरेखाली हवा. उत्तरे जशीच्या तशी उतरवून काढण्याची खोड मात्र एवढ्याने जाणार नाही. तिच्यासाठी शिक्षकांस प्रत्येक वही वाचावी लागेल, आणि या योजनेतील सर्वांत कठीण काम तेच आहे.

येत्या जूनमध्ये वेळापत्रक आखले जाईल, तेव्हा या एका तासाची जागा राखून ठेवावी. वाचनालयाच्या चिटणिसांस पत्र त्यापूर्वीच गेले पाहिजे. ते पत्र नववीच्या मुलामुलींनी लिहावे, मुख्याध्यापकांनी त्याखाली सही करावी, आणि उत्तर येईल तेव्हा ते वर्गात वाचून दाखवावे.