जुन्या टेबलक्लॉथची गोधडी : कमाई कोणाची?

जुन्या मालाचा धंदा करणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना कशिद्याचे टेबलक्लॉथ नवे नाहीत. पारशी, ईस्ट इंडियन किंवा गोव्याकडील ख्रिस्ती कुटुंबाचे जुने घर रिकामे होते, तेव्हा फर्निचर व चिनी मातीच्या भांड्यांबरोबर कपड्यांचे गठ्ठेही बाहेर पडतात. त्यात टेबलक्लॉथ, नॅपकिन, ट्रेवरचे रुमाल, क्रोशाच्या जाळ्या असतात. आपल्या घरांत दस्तरखान जमिनीवर अंथरण्याची रीत, त्यामुळे या मालाचे कौतुक आपल्याला जरा कमीच. डाग दिसला की तो चिंधीच्या भावाने निघून जातो.

वास्तविक हा माल चिंधी नव्हे. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये असे जुने कशिद्याचे कापड गोधडीत बसवण्याची आवड चांगलीच रुजली आहे. अमेरिकेत १९७६ साली स्वातंत्र्याची द्विशताब्दी साजरी झाली, त्या सुमारास गोधडीकामाला नवा बहर आला आणि तो टिकला. आजीने लग्नासाठी भरलेले रुमाल टेबलावर कोणी घालत नाही आणि फेकवतही नाहीत. मग नात त्यांची गोधडी करून घेते. त्या कापडात पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे काम असते, चीनच्या शांतौ भागातून गेलेले असते, घरच्या बायकांचे तर असतेच. आपल्याकडेही आंध्रातील नरसापूरच्या बायका क्रोशाची लेस विणून परदेशी पाठवत आल्या आहेत.

प्रश्न असा की, गठ्ठा आपल्या दुकानातून जातो, पण त्याची किंमत दुसऱ्याच्या हातात का वाढावी? या कामाला लागणारे तिन्ही हुन्नर आपल्या मोहल्ल्यांत आहेत. रफूगर आहे. त्याची कला किती मोलाची, हे उत्तर प्रदेशातील नजीबाबादच्या रफूगरांनी जुन्या काश्मिरी शालींवर दाखवून दिलेच आहे. पिंजारी-मन्सुरी बिरादरी आहे. फोमच्या गाद्या आणि तयार रजया आल्यापासून तिचे पिंजण बरेचसे थंड पडले आहे. आणि घरोघरी सुई चालवणाऱ्या आपल्या भगिनी आहेत. तिघांची गाठ घालून देणारा व्यापारी मात्र दिसत नाही.

टेबलक्लॉथ खराब होतो तो बहुधा मधोमध, जिथे भांडी ठेवतात, सालन सांडते. कशिदा मात्र बहुतेक वेळा कोपऱ्यांत आणि काठाला असतो. म्हणजे डागाळलेल्या मालातही किमती भाग शाबूत असतो. कशिद्याचा कोपरा साडेदहा इंच चौरस कापला, तर पाव इंच दाब जाऊन दहा इंचांचा तुकडा मिळतो. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीला असे ५४ तुकडे लागतात. एकाआड एक साधा तुकडा लावला, तर कशिद्याचे २७ पुरतात, आणि ते सात टेबलक्लॉथच्या कोपऱ्यांतून निघतात. साधे तुकडेही त्याच कापडाच्या स्वच्छ भागातून काढता येतात.

कापण्याआधी धुणे आलेच. लिनन, म्हणजे जवसाच्या खोडाच्या सुताचे कापड, धुतल्यावर आटते. सुती कापडही आटते. गोधडी झाल्यावर आटले तर शिवण चुणते. रंगीत धाग्यावर आधी ओला पांढरा फडका दाबून पाहावा, रंग सुटतो का ते कळते. क्लोरीनची ब्लीच पावडर तर लावूच नये. तिने सूत जळते आणि गंजाचा डाग उलट पक्का होतो. विरलेल्या जागी मागून मलमल लावावी. जाळीचे काम असेल तर खाली फिकट निळे किंवा गुलाबी कापड घालावे, नक्षी उठून दिसते. आत कापसाचा पातळ थर पुरे, जड रजई परदेशी गिऱ्हाइकाला नको असते. पण पिंजलेला कापूस धुण्यात गोळा होतो, म्हणून धावदोरा जवळजवळ घालावा आणि तो कशिद्यावरून न नेता कडेकडेने न्यावा.

इथवर कारागिरी झाली. खरी अडचण हिशेबाची आहे. भगिनींना नगावर मजुरी देण्याची आपल्याकडे सवय आहे. बारीक टाक्याची गोधडी हातावर घेतली की दिवसच्या दिवस जातात, आणि नगाचा दर तोच राहिला तर बाई टाका लांब घालणारच. दोष तिचा नाही. मजुरी दिवसावर ठरवावी, रफूगर व पिंजाऱ्याचे पैसे वेगळे मांडावेत, आणि मग गोधडीची किंमत सांगावी. किंमत जास्त वाटेल. वाटू द्या. स्वस्त गोधडी हवी असणारे गिऱ्हाईक आपले नव्हेच. त्याच्यासाठी छापील चादरी भरपूर आहेत. उत्तर कर्नाटकातील सिद्दी बायकांच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या आज परदेशातही कलावस्तू म्हणून पाहिल्या जातात, त्या स्वस्त म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट, जुने म्हणून नवे खपवण्याचा मोह. मशीनचा कशिदा चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करणारे महाभाग बाजारात आहेत. कापड उलटे केले की मशीनचा खालचा दोरा जाणकाराला दिसतो, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा त्या गल्लीत येत नाही. शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराचेही नुकसान होते. त्यापेक्षा कशिदा जुना हातचा, शिलाई नवी, रफू कुठे आहे, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. शिवणारीची हरकत नसेल तर तिचे नावही त्यावर घालावे.

आणि गठ्ठ्यात एखादा टेबलक्लॉथ अखंड, बिनडागाचा निघाला तर त्याला कातरी लावू नये. तो आहे तसाच बाजूला काढून ठेवावा, त्याचे गिऱ्हाईक वेगळे असते.