काळ्या-पांढऱ्याचे सोवळे

भांडण उकरून काढण्याचा माझा स्वभाव नाही, आणि दिवाळी अंकात तर ते मुळीच करू नये. करंजीत खडा लागला तर वाचक संपादकांनाच बोल लावायचे. पण गेल्या यात्रेत जे पाहिले ते अजून घशाखाली उतरत नाही, म्हणून लिहितो.

आमची सारंगखेड्याची यात्रा एकमुखी दत्ताची. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, तापीकाठी घोड्यांचा बाजार ऐन भरात असतो. मारवाड, काठेवाड, पंजाबकडचे व्यापारी येतात, सातपुड्यातून पावरा-भिल्ल मंडळी उतरतात. अलीकडे तिच्या जोडीला ‘चेतक फेस्टिव्हल’ नावाचा नवा थाटही आला आहे आणि त्याच्या मागोमाग आले आहेत शहरातले फोटोवाले. मुंबईच्या फोर्टात नि पुण्याच्या पेठांत हिवाळ्याच्या रविवारी सकाळी दहापंधरा जणांनी मिळून पायी हिंडायचे आणि जुन्या कॅमेऱ्यात काळी-पांढरी फिल्म घालून फोटो काढायचे, असा एक छंद निघाला आहे. त्याला फोटोवॉक म्हणतात. शहर फिरून झाले की डिसेंबरात ही मंडळी आमच्याकडे वळतात.

तर गेल्या वर्षी अशीच एक टोळी आली. आमच्या गल्लीतले आप्पा गुलाबी फेटा बांधून, घोडीचा लगाम धरून उभे होते. एक तरुण पुढे झाला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “बाबा, तो मोबाईल खिशात ठेवता का? आणि मागची ती प्लॅस्टिकची खुर्ची जरा हलवतो हं.” आता गंमत पाहा. आप्पा मोबाईलवर मुलाला विचारत होते की समोरचा एवढी किंमत देतो आहे, घोडी देऊ का ठेवू? म्हणजे साऱ्या बाजारात त्या क्षणी खरे काम कोणते चालले असेल तर ते तेच. ते खिशात गेले आणि आप्पा शंभर वर्षांपूर्वीचे म्हातारे होऊन उभे राहिले. मोबाईल ओवळा, खुर्ची ओवळी, आप्पांच्या अंगातले नातवाचे स्वेटर ओवळे. या सोवळ्यावर माझा राग आहे.

काळ्या-पांढऱ्या फोटोवर नव्हे. मी मॅट्रिक झालो आणि चित्रकलेच्या परीक्षा देता देता शहाद्याच्या एका स्टुडिओत दोन वर्षे काढली. काळ १९९० नंतरचा. लग्ने रंगीत झाली होती, पण पासपोर्ट आणि शाळेच्या ओळखपत्राचा फोटो अजून काळा-पांढराच होता. फिल्म मिट्ट काळोखात चाचपडत डब्यात भरायची, आणि कागदावर छापताना लाल दिव्याखाली पाण्यातून माणसाचा चेहरा हळूहळू वर येताना पाहायचा. ते पाहिलेला माणूस त्याची टवाळी करूच शकत नाही.

हिवाळा आणि ही फिल्म यांचे नाते तर या मंडळींना वाटते त्याहून जुने आहे. डेव्हलपरला वीस अंशांचे पाणी मानवते. आमच्या खानदेशात मे महिन्यात नळाचे पाणी हातालाही चटका देते. त्या पाण्यात फिल्मवरचा जिलेटीनचा थर फुगतो, मऊ पडतो. कधी त्याला जाळीसारख्या सुरकुत्या पडतात, कधी नखाच्या धक्क्याने नवरदेवाचे नाक निघून येते. उन्हाळ्यात आम्ही बर्फाची लादी आणून तिच्यावर भांडे ठेवत असू. मार्गशीर्षात मात्र नळाचे पाणी जसेच्या तसे चाले. शिवाय ऊन तिरपे, सावल्या लांब. तेव्हा हिवाळ्यात फिल्म घेऊन बाहेर पडणाऱ्याला कोणी वेडा म्हटले तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

पण या फिल्मचा एक दोष स्टुडिओत पहिल्याच आठवड्यात कळतो. लाल रंग. अगदी जुन्या फिल्मला लाल दिसतच नसे. कपाळावरचे कुंकू काळे ठिक्कर उठायचे. नंतरच्या फिल्मला तो दिसू लागला, पण गव्हाळ कपाळावरचे कुंकू त्याच राखाडी छटेत विरघळू लागले. बायका फोटो हातात घेऊन म्हणायच्या, “माझं कुंकू कुठं गेलं?” मालक मग बारीक कुंचल्याने काळा ठिपका देत आणि पैसे घेत. घोड्यांचेही तसेच. नुकरा नि मुश्की झकास येतात, अबलख तर जणू याच फिल्मसाठी जन्मला; पण कुम्मैत आणि बदामी यांच्यातला फरक, ज्यावर इथे हजारो रुपये वरखाली होतात, तो साफ पुसला जातो.

रघुवीर सिंह (१९४२–१९९९) यांनी हेच भांडण फार मोठ्या पातळीवर मांडले होते. जन्मभर रंगीत फिल्मवर भारत टिपणाऱ्या या छायाचित्रकाराचे म्हणणे असे, की काळे-पांढरे ही पश्चिमेची उदास नजर आहे. रंग हा आपल्याकडे वरून लावलेला साज नाही, तो जगण्याच्या आतच आहे. मला हे सगळे पटत नाही. तापी समुद्राला मिळते तिथून थोड्याच अंतरावरच्या नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याची सगळी वर्षे काळ्या-पांढऱ्यात टिपली, आणि त्यांत कुठेही परकेपणा नाही. मात्र त्यांनी ती फिल्म वापरली ती कामाची फिल्म म्हणून. उटीच्या सरकारी कारखान्यातून १९६७ पासून निघणारी ‘इंदू’ फिल्म गावोगावच्या स्टुडिओंनी वापरली तीही तशीच. आज तो कारखाना बंद आहे. फिल्म इंग्लंड-अमेरिकेहून येते, आणि एका रोलला आमच्या शेतमजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी पडते. एवढे पैसे मोजून रंग काढून टाकायचे, तर कशासाठी, हे विचारायचा हक्क ज्याचे रंग गेले त्याला आहे की नाही?

आणि खरा हिशेब तर पुढेच आहे. स्टुडिओत आम्ही फोटो काढत नव्हतो, काढून देत होतो. चार दिवसांनी माणूस पावती घेऊन येई आणि स्वतःला पाकिटात घालून घरी नेई. आताचा फोटो एकाच बाजूने जातो. चार वर्षांपूर्वी यात्रेत माझ्या आईचा फोटो एका तरुणाने काढला. चांगला मुलगा होता. खाली बसून काढला, पत्ता लिहून घेतला, “पाठवतो, आजी” म्हणाला. माय पोस्टमनला वरचेवर विचारी, “मना फोटू उना का रे भाऊ?” पुढच्या श्रावणात ती गेली. हार घालायला फोटो नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. त्यात ती चोर पकडून आणल्यासारखी दिसते. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी निगेटिव्हवर, माझी आई हसते आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. तुम्ही तरी माणसे उचलता ती परत करता का? टोला बरोबर बसतो. पण मी नाव बदलतो, आणि पुस्तक निघाले की ज्याचे त्याच्या घरी नेऊन देतो. वाचत कोणी नाही, हा भाग वेगळा.

एका रोलमध्ये छत्तीस फोटो असतात. मोबाईलवाल्याने दिवसाला हजार काढले तर त्याला मी काही म्हणणार नाही. तो कोणाकोणाला देईल? पण छत्तीसच माणसे असतील तर छत्तीस पत्ते एका वहीच्या पानावर मावतात. फिल्मवाले फिल्मचा एवढा अभिमान सांगतात, की ती हात आवरायला शिकवते, एकेक क्षण मोजायला लावते. मग मोजाच. घरी गेल्यावर काळोख्या खोलीत तासन् तास उभे राहणाऱ्याला एक जास्तीचा कागद आणि एक पाकीट जड जात नाही. पोस्टही फार लांब नाही.

न्यायाची गोष्ट म्हणून सांगतो, त्या टोळीतल्या एका मुलीने पाठवला. फाल्गुनात जाड कागदावरचा मोठा फोटो आप्पांच्या घरी आला. त्यात मोबाईल त्यांच्या कानाला होता; तिने बहुधा आधीच काढून घेतला असावा. आप्पा तो घेऊन माझ्याकडे आले, उजेडाला धरला आणि म्हणाले, “मास्तर, मना फेटा गुलाबी शे ना? हाऊ काया काब्र व्हयना?”

मी त्यांना फिल्म, लाल रंग, राखाडी छटा वगैरे समजावून सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि फोटो टेबलावर ठेवून माझ्या रंगाच्या पेटीकडे बोट दाखवले. मग मी पाण्यात कुंचला बुडवला आणि फेटा गुलाबी केला. एवढ्यावर भागले नाही. लगामाचे गोंडेही लाल करून घेतले. त्या मुलीने पाहिले तर म्हणेल, मास्तरांनी माझी कलाकृती बिघडवली. बिघडवली खरी. येत्या यात्रेला ती आली तर आप्पांच्या ओसरीवर, दाराच्या वर, तिला ती दिसेल. आप्पांनी घोडी विकलेली नाही.