खाडीकांठचा चैत्र

गेल्या चैत्री पौर्णिमेस आम्हीं एका जुन्या स्नेह्यांसमवेत रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडींत होडी लोटली. आमच्या घरीं मत्स्याहार नाहीं. स्नेही सारस्वत, जन्मापासून खाडीकांठचे. गरी त्यांची, बघ्याचें काम आमचें.

पहांटे ओहोटी सरली आणि काजळी नदीच्या मुखांतून भरती आंत येऊं लागली. "उधाणाचें पाणी हें! मासा पाण्याबरोबर कांदळवनांत शिरतो," असें म्हणून त्यांनीं गरीला कोळंबी लावली. भरती दररोज सुमारें ५० मिनिटें उशिरा येते. खाडीवरचें घड्याळ चंद्राच्या हातीं.

दोन घटकांनीं दोरी ताणली. वर आली ती वीतभर तांबोशी. निघतांना नातवंडांस "मासा आणतों" असें वचन दिलेले आमचे स्नेही क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले, आणि त्यांनीं ती हळूच पाण्यांत सोडली. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां म्हणाले, "लेकरूं आहे हो! कांदळवन हें हिचें माहेर. वाढून समुद्रांत जाईल, तेव्हां कुठें हिला पिलें होतील."

दुपारपर्यंत दुसरा मासा लागला नाहीं. महाराष्ट्र शासनानें २०१२ सालीं कांदळवन कक्ष स्थापिला, तें योग्यच झालें; पण झाडें राखून त्यांखालचीं पिलें टोपलींत घातलीं, तर राखण कसली?

रिकामी टोपली पाहून नातवंडें रुसलीं. आजोबांनीं त्यांस सोडलेल्या तांबोशीची हकीकत सांगितली. थोरल्यांचा रुसवा काहीं गेला नाहीं, धाकट्या नातीनें मात्र विचारलें, "ती घरीं पोंचली असेल ना?"