अ‍ॅम्पची जवारी

सूर आणि साधनं

पोखर्णीच्या एका तरुण गिटारवादकाचा फोन आला होता. नृसिंह जयंती, गणपती, लग्नसराई, सगळीकडे त्याचा वाद्यवृंद वाजवतो. आता त्याला मॉडेलर, म्हणजे अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र, घ्यायचाय. “सर, हुबेहूब खऱ्या अ‍ॅम्पसारखा कोणता वाजतो, तेवढं सांगा.”

खरा अ‍ॅम्प काय करतो, हे तानपुरा ऐकलेल्याला लगेच कळेल. मिरजेचा कारागीर जवारी काढतो, तेव्हा एका स्वरातून कितीतरी उपस्वर उमलतात. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प गिटारला अशीच जवारी देतो. तार हलकी छेडली की सूर स्वच्छ, जोरात छेडली की तो फाटू लागतो, आणि हे फाटणं बोटांच्या ताब्यात असतं. म्हणून दुकानात गेल्यावर सूर फाडणारा ड्राइव्ह भरपूर लावा आणि गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणा. सूर निवळायला हवा. आवाज नुसता लहान झाला आणि खरखर तशीच राहिली, तर ते यंत्र घेऊ नका.

१९९८ च्या लाइन ६ पॉडपासून २०११ च्या केम्परपर्यंत आणि आजच्या मोफत न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरपर्यंत ही नक्कल फार पुढे आली आहे. अ‍ॅम्पच्या भागात आता स्वस्त आणि महाग यंत्रांतलं अंतर कमी उरलंय. तरीही मंडपात आवाज किरकिरा का येतो?

माझ्या मते दोष बहुतेक वेळा स्पीकरच्या नकलेत असतो. गिटार अ‍ॅम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडत नाही. साउंडवाल्याच्या बॉक्समधला हॉर्न मात्र सगळं फेकतो. ड्राइव्हचा सूर थेट त्यात गेला की मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं वाटतं. गाभाऱ्यात एकच टाळी वाजवून तिचा घुमार टिपला, तर त्या जागेचा ठसा हाती येतो. स्पीकर आणि माइकचा असाच ठसा म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, आपल्या मुलांच्या भाषेत ‘आयआर’. बाहेरचे आयआर भरता येतील असाच मॉडेलर घ्या. आहे त्याच यंत्रात एक चांगला आयआर बसवून सूर पालटलेला मी अनेकदा ऐकलाय.

कानाचाही एक स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज लहान असला की खर्ज आणि टीप आपल्याला कमी ऐकू येतात. रात्री घरी हेडफोनवर दोन्ही वाढवून जमवलेला गोड सूर मंडपात म्हणूनच खाली गदगदतो आणि वर टोचतो.

तार छेडल्यावर मॉडेलरमधून आवाज यायला होणाऱ्या विलंबाची फार काळजी नको. हवेतला आवाजच एका मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, आणि बऱ्याच मॉडेलरचा विलंब तेवढाच असतो. विजेची काळजी मात्र जरूर करा. जनरेटर एकदा लचकला की मॉडेलर बंद पडून पुन्हा सुरू होतो. मोठ्या यंत्रांना त्यात अर्धा-पाऊण मिनिट सहज जातं, आणि गायक कडव्यावर उभा असतो. चालू व्हायला किती वेळ लागतो, ते दुकानातच घड्याळ लावून बघा. सोबत छोटा यूपीएस ठेवा.

त्या मुलाला म्हटलं, पैसे देण्याआधी ओळखीच्या कुणाचा तरी मॉडेलर एक दिवस मागून आण. दुपारी साउंडवाला बॉक्स लावत असताना त्याच्या मिक्सरला जोड. मित्राला गिटार दे आणि तू शेवटच्या सतरंजीपाशी जाऊन उभा राहा. पुढच्या रविवारी तो हे करून बघणार आहे. काय ऐकू आलं, ते मला कळवेल.

— नादलुब्ध