गैरहजर कामकऱ्यानें शिकविलेली विद्या

व्यवस्थापनशास्त्राकडे हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांचा मोठा ओढा आहे. ही विद्या अमेरिकेंतील पंडितांनीं शोधून काढिली व आपण ती त्यांच्या ग्रंथांतून घ्यावयाची, असा सार्वत्रिक समज दिसतो. तो अपुरा आहे. टेलरसाहेबांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ सालीं निघाला. परंतु ज्या अडचणींतून ही विद्या उपजली त्या कापसाच्या गिरण्यांत कितीतरी आधीं उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांचीं उत्तरें शोधण्यास मालकांना भाग पाडिलें तें कामकऱ्यांनींच, असें आमचें मत आहे.

पेण येथील गणपतीचे कारखाने आपण सर्वांनीं पाहिले आहेत. श्रमविभाग तेथेंही आहेच. कोणी साच्यांतून मूर्ति काढितो, कोणी सांधे जुळवितो, कोणी रंग देतो. डोळ्यांची आखणी मात्र सरावलेल्या हाताकडेच जाते. पण मालक जवळच बसलेला असतो. प्रत्येकाचा हात व घर त्याला ठाऊक असतें. गिरणींत हजार माणसें, एक इंजिन आणि भाषा न जाणणारा परका मॅनेजर! इंजिन सुरू झालें कीं सर्वांनीं हजर असलेंच पाहिजे. आणि आपला कोंकणी माणूस तर पेरणीला व सणाला गांवीं जाणारच. मुंबईच्या गिरण्यांनीं ह्यावर काढिलेला तोडगा म्हणजे जॉबर. माणसें आणणें, ठेवणें, काढणें, सारें त्याच्या हातीं. मालकाची चिंता टळली. पण कामकरी जॉबरच्या मुठींत गेला व त्याला दस्तुरी भरूं लागला. ही व्यवस्था नव्हे, व्यवस्थेचा मक्ता होय.

नागपुरास निराळें घडलें. जमशेटजी टाटा यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं तेथें एम्प्रेस मिल सुरू केली. मॅनेजर बेझनजी मेहता हे मूळचे रेल्वेंतील. गिरणीचें काम त्यांना नवें होतें. गैरहजेरी येथेंही होतीच. पण दंडाचा बडगा न उगारतां बक्षीससमारंभ सुरू झाले, १८८६ सालीं पेन्शन फंड निघाला, १८९५ सालीं अपघाताची भरपाई सुरू झाली. सरकारनें त्या भरपाईचा कायदा केला तो १९२३ सालीं! हा परोपकार होता असें कोणी म्हणेल. आमच्या मतें तो हिशेब होता, आणि म्हणूनच अधिक मोलाचा. कारण दया आटते, हिशेब टिकतो.

स्कॉटलंडांत रॉबर्ट ओवेननें १८०० पासून न्यू लॅनार्कच्या गिरणींत असेच प्रयोग केले. प्रत्येक कामकऱ्याजवळ तो लांकडाचा चौरंगी ठोकळा टांगी : पुढें काळी बाजू आली तर काल काम वाईट, पांढरी आली तर उत्तम. मारहाणीपेक्षां हें बरें खरें. पण आपल्या वर्गांत असा ठोकळा टांगला तर कसें वाटेल, तें मुलांनींच सांगावें.

मालकांना सर्वच आपण होऊन सुचलें असेंही नाहीं. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें मुलांच्या कामाचे तास बांधले, प्रौढांना कांहींच दिलें नाहीं. जोतीराव फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून सभा व अर्ज यांच्या द्वारें साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरिली, व १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. मिशनच्या शाळेंत रविवार आपसुक मिळतो. गिरणींत तो सहा वर्षें मागावा लागला. थकलेला माणूस सूत तोडतो, हें साधें गणित मालकांना कामकऱ्यांच्या पुढाऱ्यानें पटविलें. तरी व्यवस्थापनाच्या ग्रंथांत लोखंड्यांचें नांव कोठें आढळतें?

रोह्याजवळ धाटावला आज रसायनांचे कारखाने आहेत, पाळ्या आहेत, पदवीधर मॅनेजर आहेत. औद्योगिक वसाहतींत पुष्कळ माणसें कंत्राटदारामार्फत घेतलीं जातात. जुना जॉबरच नवें नांव घेऊन आला, असें आम्हांस वाटतें. ज्यांचे वडील वा भाऊ अशा कामावर जातात त्यांनीं घरीं एवढेंच विचारून पाहावें : मॅनेजरसाहेबांना तुमचें नांव ठाऊक आहे काय?